डावीकडचं वजन

गिअरमास्तरांच्या घरात महिना होत आला, अबोला होता. अबोला म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याचं लग्न झालेलं नाही, एवढंच म्हणता येईल. भांडी आदळली जात नव्हती, दारं आपटली जात नव्हती. जेवण वेळेवर, चहा वेळेवर, मीठसुद्धा अगदी बरोबर. फक्त बायको त्यांच्याशी बोलत नव्हती. बोलायची ती शेगडीशी, खिडकीशी, नाहीतर दारात येऊन बसणाऱ्या मांजराशी. "ज्यांना चहा पाहिजे असेल त्यांनी तो गार व्हायच्या आत घ्यावा," असं ती मांजराला सांगायची, आणि मांजर मास्तरांकडे बघायचं.

पहिला आठवडा मास्तरांनी ऐटीत काढला. नाही बोलत तर नाही, अडलंय कोणाचं! दुसऱ्या आठवड्यात त्यांना रेडिओचा कंटाळा आला. तिसऱ्या आठवड्यात, एका दुपारी कांदे निवडता निवडता, त्यांना स्वच्छ कळलं की आपल्याला घरात हिचा आवाज पाहिजे. शिव्या घातल्या तरी चालतील, पण आवाज पाहिजे. आता हे सरळ जाऊन सांगावं की नाही? पण मास्तर पडले मास्तर. नाक मुठीत धरून जायचं तर आधी मूठ उघडावी लागते, आणि त्यांची मूठ गिअरच्या दांड्यावर इतकी वर्षं मिटलेली होती की ती उघडायची सवयच राहिलेली नव्हती.

हे सगळं झालं त्या ट्रॅक्टरपायी.

घरामागच्या शेडमध्ये त्यांचा ट्रॅक्टर उभा असतो. मास्तरांच्या वडलांनी घेतलेला. तो बनवणारी कंपनी कधीच बुडाली, विकणारा गेला, दुरुस्त करणारे दोघे गेले, हा आपला चालूच आहे. घरात त्याला आत्याबाई म्हणतात, कारण मान राखला तर कामाला वाघ, आणि मानात जरा उणं पडलं की गल्लीभर ऐकू जाईल असे दात खाणार. आत्ताच्या गाड्यांमध्ये गिअर बदलायला अक्कल लागत नाही, हात असला की झालं. आत्याबाईचं तसं नाही. आतली चाकं एकमेकींच्या वेगाने फिरायला लागली तरच दात्यात दाते बसतात. त्यासाठी क्लच दोनदा दाबायचा. एकदा दाबून दांडा मधे आणायचा, क्लच सोडायचा, इंजिनाचा आवाज जागेवर येऊ द्यायचा, मग पुन्हा दाबून दांडा पुढच्या घरात ढकलायचा. ऐकायला सोपं आहे. पण आवाज जागेवर आला हे कळायला हवं ना! क्षणभर इकडेतिकडे झालं की करर्र! शेजारची कुत्री घरात पळतात.

त्यात मास्तरांचा डावा गुडघा. लेक शाळेत जायची तेव्हा एकदा ट्रॅक्टरवरून उतरताना पाय सटकला, आणि तेव्हापासून तो गुडघा नीट वाकायचं नाव घेईना. आत्याबाईचा क्लच तर असा जड की तरण्या माणसाची मांडी भरून यावी. पेरणी तोंडावर आलेली, गडी मिळेना. तेव्हा बायको डाव्या बाजूच्या पायरीवर चढली, मडगार्डची कड हातात धरली आणि म्हणाली, "तुम्ही दांडा बघा, मी पाय बघते." झालं. तीच पद्धत पडली. मास्तर "हं" म्हणायचे, तिचा पाय पडायचा, दांडा सरकायचा, पुन्हा "हं", पुन्हा पाय, आणि आत्याबाईच्या तोंडून चकार शब्द नाही. अशी कितीतरी पिकं आली आणि गेली. लेकीचं लग्न झालं, शेत वाट्याने दिलं. आत्याबाई मात्र दर आठवड्याला एक फेरी मारायची, दोघांना घेऊन.

मग आला जुन्या ट्रॅक्टरांचा मेळावा. त्यात एक गिअरची फेरी असते. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत चढायचं, चौथ्यापासून पहिल्यापर्यंत उतरायचं, रेषेवर थांबायचं, आणि या सगळ्यात गिअरचा आवाज होता कामा नये. मास्तरांचा ट्रॅक्टर असा गेला की परीक्षकाला वाटलं याने गिअर बदललेच नाहीत. लोकांनी टाळ्या पिटल्या. सूत्रसंचालक माइक घेऊन धावत आला. "काय हात आहे! अहो, तुम्ही तर गिअरमास्तर! सांगा, रहस्य काय?"

मास्तर म्हणाले, "रहस्य कसलं? हात हलका पाहिजे, बस."

"आणि वहिनी?"

इथे माणसाने जीभ चावावी. मास्तरांनी ती सैल सोडली. माइकमध्ये, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "ही होय? ही वजनाला. डावीकडे जरा वजन लागतं."

मैदान खो खो हसलं. बायको हसली नाही, पण बोललीही नाही. तेव्हाही सगळं निभावलं असतं. पण नंतर मास्तरांनी रंगाऱ्याला बोलावून मडगार्डवर पिवळ्या ठसठशीत अक्षरांत 'गिअरमास्तर' असं लिहून घेतलं. कुठल्या मडगार्डवर? डाव्या! जिथे ती इतकी वर्षं हात धरून उभी राहिली, नेमकं तिथे. रंगारी बिचारा म्हणाला होता, उजवीकडे लिहू का. मास्तर म्हणाले, डावी बाजू रस्त्यावरून दिसते, लोक वाचतील. बायको दळण घेऊन आली, तिने ते वाचलं, पिठाचा डबा खाली ठेवला, आणि त्या क्षणापासून मांजराला बोलका शेजार मिळाला.

तर आता पुढचा मेळावा आला होता. मास्तरांना वाटलं, हीच संधी. आत्याबाई दोघांशिवाय हलत नाही. आपण "हं" म्हणणार, ती पाय ठेवणार, मधे काहीतरी बोलणं होणारच. निदान "जरा सरका" तरी म्हणेल. आणि एकदा तोंड उघडलं की मग काय, धरणाचं दार उघडल्यासारखं! चषकाची त्यांना फिकीर नव्हती. खरं म्हणजे होती, पण दुसऱ्या नंबरावर.

त्याआधी, एकट्याने जमतंय का, हेही त्यांनी चोरून बघितलं होतं. माणसाने दुसरी वाटही पाहून ठेवावी. बायको बाजाराला गेल्यावर त्यांनी फावड्याच्या दांड्याने क्लच दाबायचा बेत केला. एका हाताने फावडं, एका हाताने गिअर, आणि स्टिअरिंगला हनुवटी. आत्याबाईने असे दात खाल्ले की शेडमधली चिमणी घरटं सोडून गेली ती परत आली नाही. बायको बाजारातून कधीच परतली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मांजराला उद्देशून शब्द आले, "दळण मी गिरणीतून आणलंय म्हणावं. घरी दळायची गरज नाही."

मास्तर फावडं जागेवर ठेवून आले. त्यांनी खुर्चीत बसून मांजराला सांगितलं, "रविवारी मेळावा आहे. कोणी येणार असेल तर बरं होईल."

शेगडीपाशी एक भाकरी थापली गेली, उलटली गेली. मग उत्तर आलं. "मी ट्रॅक्टरवर रागावलेली नाही. येईन."

मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी मांजराला आपल्या ताटातलं दूध दिलं.

रविवारी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून शेडमध्ये गेले तर उजव्या मडगार्डवर त्यांचे जावई बसलेले. जावई दातांचे डॉक्टर. स्वभावाने गरीब, गाडीने आलेले, आणि आपल्याला इथे का बोलावलंय हे नुकतंच कळल्यामुळे चेहरा पडलेला.

"बाबा, मी मध्यस्थ आहे," जावई म्हणाले. "आईंनी फोन केला. तुम्ही जे म्हणाल ते मी त्यांना सांगायचं, त्या म्हणतील ते तुम्हाला."

"आणि लेक कुठाय?"

"ती म्हणाली, तू जा, तुला दुसऱ्यांच्या तोंडात हात घालायची सवय आहे."

बायको डाव्या पायरीवर चढून उभी होती. तिने मडगार्डची कड धरली होती. तिची चार बोटं 'गिअरमास्तर'वर होती आणि नजर समोर.

मैदानापर्यंत रस्त्याला मधे उतार होता, म्हणून पहिल्या गिअरमध्येच रमतगमत गेले. आत्याबाईच्या वेगाने गेले म्हणजे मागून सायकलवाले घंटी वाजवून पुढे गेले. रस्ताभर कोणी बोललं नाही. जावयांनी एकदा "हवा छान आहे" असं दोघांनाही सांगून बघितलं.

नियम असा होता की प्रत्येकाला दोन फेऱ्या. पहिली सरावाची, दुसरी खरी. परीक्षक एक निवृत्त बसचालक होते. ते रेषेपलीकडे टेबल टाकून, टेबलावर चषक ठेवून, डोळे मिटून बसायचे. म्हणायचे, गिअर कानाने बघायचा असतो. सूत्रसंचालक तोच, मागचाच. "आले आले, गिअरमास्तर आले!" तो माइकमध्ये ओरडला. "आणि डावीकडे वजनही आलंय!"

बायकोच्या बोटांची पेरं पांढरी झाली. मास्तरांनी ते पाहिलं, आणि पहिल्यांदा त्यांना वाटलं की तो शब्द परत गिळता आला असता तर बरं झालं असतं.

आत्याबाई निघाली. पहिला गिअर. आता दुसरा. मास्तर म्हणाले, "हं."

पाय पडला नाही.

"हं!"

काही नाही. बायको समोर बघतेय, पाय पेडलवर नुसता टेकलेला.

"सांगा तिला, दाब म्हणावं!" मास्तर जावयांवर ओरडले.

जावई वाकले. "आई, दाबा म्हणतायत."

पाय पडला. पण तोवर मास्तर, आता काय दाबतेय, असं समजून दांडा सोडून बसले होते. त्यांनी घाईने तो ओढला. "सोड म्हणावं!" "आई, सोडा म्हणतायत." "आता परत दाब!" "आई, परत दाबा म्हणतायत." हे सगळं इंजिनाच्या धडधडीतून तिकडे पोचेपर्यंत दांडा दात्यांवर जाऊन आदळला.

करर्र!

मैदानात बसलेल्या लोकांनी कानांत बोटं घातली. परीक्षकांनी मिटलेले डोळे आणखी मिटले. जावयांच्या व्यवसायाच्या दृष्टीने तो आवाज इतका ओळखीचा होता की त्यांनी स्वतःचा जबडा दोन्ही हातांनी धरला. तिसऱ्या गिअरला पुन्हा तेच. चौथ्याला तर अशी बोंब झाली की एका लहान पोराने रडायला सुरुवात केली. उतरताना काय झालं ते सांगत नाही, ऐकवणार नाही तुम्हाला. "मास्तर," माइक म्हणाला, "आज हात जरा जड वाटतोय!" आणि मैदान पुन्हा खो खो हसलं, मागच्या वेळेपेक्षाही मोठ्याने.

सराव संपला. मास्तरांनी इंजिन बंद केलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"विचारा तिला," ते जावयांना म्हणाले, "मी हं म्हणतो तेव्हा दाबत का नाही?"

"आई, ते विचारतायत..."

"ऐकलं मी," बायको जावयांना म्हणाली. "त्यांना सांगा, मी वजन आहे. वजन आपणहून हलत नाही. कोणी हलवलं तर हलतं."

जावई मास्तरांकडे वळले. मास्तरांनी हात केला, पोचलं म्हणून.

"पण इतकी वर्षं," मास्तर चाचरले, "इतकी वर्षं माझ्या हं वर बरोबर पाय पडत होता की नाही? विचारा तिला."

बायको पहिल्यांदा वळली. मास्तरांकडे नाही, जावयांकडे. तिच्या चेहऱ्यावर खरोखरीचं आश्चर्य होतं. "कुठल्या हं वर?"

"ते हं म्हणतात ना, आई, दाब म्हणून."

"ते हं दाब म्हणून असतं?" बायको म्हणाली. "अहो जावईबापू, ते तर पाय पडल्यावर हं म्हणतात. आधी पाय, मग हं. नेहमीच. इंजिनाचा आवाज खाली आला की मला कळतं, मी दाबते. ते कशाला सांगायला हवेत? मला आपलं वाटायचं, धक्क्याने गुडघा दुखतो, म्हणून कण्हतायत. म्हणून तर ट्रॅक्टर काढला की संध्याकाळी गुडघ्याला तेल चोळून देत होते."

जावयांना ते शब्द पुन्हा सांगायची गरज पडली नाही.

ते खरं होतं की काय? मास्तरांनी मनातल्या मनात आत्याबाई सुरू केली. इंजिन चढतंय, चढतंय, आता आवाज उतरतोय, आणि पायाखालचा पत्रा जरासा हलतोय, पेडल गेलं, आणि मग आपण... अरे देवा. आधी पत्रा हलतोय. मग आपण हं म्हणतोय. जन्मभर ही बाई गिअर बदलत आली आणि आपण मागून हुंकार देत आलो, आणि वर हुंकाराचं नाव मडगार्डवर रंगवून घेतलं! आणि दर संध्याकाळी ते तेल. गेला महिनाभर गुडघ्याला तेल नव्हतं, तेव्हा तो खरोखरच दुखत होता, हेही त्यांना आत्ता जाणवलं. त्यांना स्वतःची अशी लाज वाटली की उतरून सरळ घरी चालत जावं. पण तेवढा गुडघा कुठे होता?

"गिअरमास्तर, खरी फेरी!" माइक गरजला.

"जावईबापू, तुम्ही उतरा," मास्तर म्हणाले.

जावई एवढ्या चपळाईने उतरले की बघत राहावं.

मास्तर डावीकडे वळले. मध्ये मांजर नाही, जावई नाही, कोणी नाही. "तुला वाटेल तेव्हा दाब," ते म्हणाले. "मी मागून येतो. तोंड उघडणार नाही."

बायकोने पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली आणि अनवाणी पाय पेडलवर टेकवला. ही तिची जुनी सवय, पेरणीच्या दिवसांतली.

आत्याबाई निघाली. मास्तरांनी ओठ गच्च मिटले, हात दांड्यावर नुसता ठेवला आणि बघत राहिले तिच्या पायाकडे. इंजिन चढलं. पाय गेला. हात मागून गेला. पाय सुटला, थांबला, पुन्हा गेला, आणि दुसरा गिअर आपल्या घरात जाऊन बसला, घरच्या माणसाने दार न वाजवता आत यावं तसा. तिसरा. चौथा. मैदान चिडीचूप. आता उतरणं, म्हणजे खरी परीक्षा, कारण उतरताना दांडा मधे असतो तेव्हा रेस वाढवावी लागते. मास्तरांना नेहमी वाटायचं की रेस किती वाढवायची हे आपणच ठरवतो. आज दिसलं, की आवाज पुरेसा चढेपर्यंत तिचा पाय वरच थांबतो, आणि चढला की लगेच जातो. तिसरा. दुसरा. चकार शब्द नाही. मास्तरांचे डोळे त्या पायावरून हलेनात. किती वर्षं हा पाय इथे होता, आणि आपण रस्ता बघत होतो! पहिला. बसला. शेवटी पायाने क्लच पूर्ण दाबला आणि धरून ठेवला, म्हणजे काम संपलं, आता थांबायचं.

आत्याबाई थांबली नाही. तिथे जमिनीला जरासा उतार होता. रेषा आली, रेषा गेली. समोर टेबल, टेबलावर चषक, टेबलामागे परीक्षक डोळे मिटून तल्लीन. आणि मास्तर तिच्या पायाकडे बघतायत, भान हरपून.

"अहो!" बायको ओरडली. "अहो, ब्रेक! ब्रेक तुमचा आहे!"

अहो! महिन्याने! मास्तरांना तो शब्द इतका गोड लागला की त्यांनी आधी वर बघून तिच्याकडे हसून घेतलं आणि मग ब्रेक दाबला. तेवढ्या वेळात परीक्षक डोळे उघडून, वयाला न शोभणारी उडी मारून बाजूला झाले होते. टेबल आडवं झालं. चषक घरंगळत पुढच्या चाकाखाली गेला आणि ताटलीएवढा चपटा होऊन बाहेर आला.

परीक्षकांनी धूळ झटकली, चपटा चषक उचलून उलटसुलट पाहिला. "आवाज एकच झाला," ते म्हणाले, "तो याचा. गिअरचा नाही झाला. असली फेरी मी उभ्या जन्मात ऐकली नाही. पण रेषा ओलांडली. बाद."

सूत्रसंचालक माइक घेऊन धावला. त्याला धंदा कळत होता. "गिअरमास्तर! काय सांगाल?"

मास्तरांनी माइक हातात घेतला. या वेळी आधी जीभ चावली, मग बोलले. "गिअर हिचे," ते म्हणाले. "सगळे. आजचे आणि आजवरचे. ब्रेक तेवढा माझा होता, तो चुकला. बाकी मी आपला वजनाला."

हशा झाला की टाळ्या पडल्या ते मास्तरांना कळलं नाही, कारण ते डावीकडे बघत होते. बायको चप्पल शोधायला खाली वाकली होती. ती बराच वेळ वाकून होती. चप्पल काही एवढी लांब गेलेली नव्हती.

परतीच्या रस्त्यावर जावई आपल्या गाडीतून पुढे निघून गेले. आत्याबाई दुसऱ्या गिअरमध्ये, आणि बायको बोलत होती. महिन्याभराचं सगळं साठलेलं, वरपासून खालपर्यंत. छप्पर गळतंय ते कोणी बघायचं, लेकीला फोन का केला नाही, मांजराला ताटातलं दूध देऊन लाडावून ठेवलंय, इस्त्रीच्या सदऱ्यावर ग्रीस लावून घेतलंय, आणि डोळे असून माणूस चषकावर ट्रॅक्टर घालतो म्हणजे काय!

"रंगाऱ्याला बोलावतो," मास्तर मधेच म्हणाले. "ते मडगार्डवरचं पुसून टाकतो."

"नको," ती म्हणाली. तिने मडगार्डच्या कडेवरचा हात जरा सरकवला. पिवळी अक्षरं सगळी दिसू लागली, बरोब्बर तिच्या शेजारी. "जिच्या बाजूला लिहिलंय तिचंच आहे ते. राहू दे."

पुढे चढ लागला. तिचा पाय पडला, दांडा सरकला, आणि मास्तरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "हं."

ती बोलायची थांबली. "दुखतोय का?"

मास्तरांनी क्षणभर विचार केला. गुडघा अजिबात दुखत नव्हता.

"फार," ते म्हणाले.